इव्हानोव नीच का आहे?

आमच्या घरी गेली चार वर्षे महिन्यातून एकदा नाट्यवाचन होते. नाट्यवाचन हा शब्द जरा भारदस्त झाला. प्रत्यक्षात पाच-सहा माणसे गोल करून बसतात, प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोन पात्रे येतात, नाटक परभाषेतले असेल तर आधीच्या दोन आठवड्यांत मी त्याचे काम भागण्यापुरते मराठी करून ठेवतो, आणि वाचून झाल्यावर चहा-पोहे होतात. गेल्या महिन्यात आम्ही रशियन लेखक अंतोन चेकॉव्हचे 'इव्हानोव' वाचले. रंगभूमीवर आलेले हे त्याचे पहिले पूर्ण लांबीचे नाटक. नंतरच्या प्रसिद्ध चार नाटकांइतके ते घोटीव नाही हे मला ठाऊक होते, आणि म्हणून त्यावर फारशी चर्चा होणार नाही, अशी माझी समजूत होती. ती साफ चुकली. वाचन रात्री साडेनऊला संपले आणि शेवटचा माणूस बारा वाजता घरी गेला, तोही जिना उतरता उतरता भांडतच.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगायला हवे. निकोलाय इव्हानोव हा मध्य रशियातल्या एका जिल्ह्यातला पस्तिशीचा जमीनदार. त्याच्याकडे हजार देस्यातिना, म्हणजे सुमारे सत्तावीसशे एकर, जमीन आहे आणि खिशात दमडी नाही. तरुणपणी त्याने शाळांसाठी खपून काम केले, शेतीत नवे प्रयोग केले, भाषणे दिली, आणि लोक काय म्हणतील याची पर्वा न करता एका ज्यू मुलीशी लग्न केले. तिने त्याच्यासाठी धर्म सोडला, नाव सोडले, आईबापांनी तिला टाकले, आणि साराची ॲना पेत्रोव्हना झाली. नाटक सुरू होते तेव्हा या लग्नाला पाच वर्षे झाली आहेत. ॲनाला क्षय झाला आहे, तरुण डॉक्टर ल्व्होव तिला हवापालटासाठी क्रिमियाला न्या म्हणून कानीकपाळी ओरडतो आहे, आणि इव्हानोवच्या मनात तिच्याविषयी ना प्रेम उरले आहे ना दया. का, ते त्याचे त्यालाही उमगत नाही. संध्याकाळ झाली की घर त्याला खायला उठते, आणि तो गाडी जोडून शेजारच्या लेबेदेव कुटुंबाकडे जातो, जिथे लेबेदेवची वीस वर्षांची मुलगी साशा त्याच्यावर जीव टाकून बसली आहे. एका संध्याकाळी ॲना मागोमाग जाते आणि नको ते पाहते. तिसऱ्या अंकाच्या शेवटी नवरा-बायकोचे भांडण होते, त्यात तो तिला तिच्या ज्यूपणावरून हिणवतो आणि तू लवकरच मरणार आहेस, डॉक्टरांनी मला सांगितले आहे, असे तिच्या तोंडावर म्हणतो. म्हटल्यावर स्वतःच डोके धरून रडतो. चौथा अंक उघडतो तेव्हा वर्ष उलटले आहे, ॲना वारली आहे, आणि साशाशी त्याचे लग्न ठरले आहे.

पात्रवाटप असे झाले होते. इव्हानोव शेजारच्या नानांकडे. नानांनी उमेदीची वीसहून अधिक वर्षे धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या कामात घालवली आहेत आणि आता ते फक्त कुंड्यांना पाणी घालतात, असे ते स्वतःच सांगतात. ॲना माझ्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे. ती तीस वर्षे रुग्णालयात परिचारिका होती. साशा भाचीकडे, लेबेदेव आणि इव्हानोवचा मामा, म्हातारा काउंट शाबेल्स्की, माझ्या वकील मित्राकडे, आणि डॉक्टर ल्व्होव, कोणीच मागितला नाही म्हणून, माझ्याकडे.

पहिला शब्द वकिलाने काढला. त्याचे म्हणणे असे की या माणसावर खटलाच उभा राहत नाही. ज्याला आपलीच जमीन पोरक्या लेकरासारखी आपल्याकडे बघते आहे असे वाटते, जो धडधाकट असूनही आपला हॅम्लेट झाला म्हणून लाजेने अर्धा होतो, त्याला दुष्ट ठरवून हाती काय लागणार? हा आजार आहे. एकशे तीस-चाळीस वर्षांपूर्वी त्याला नाव नव्हते, आज आहे. "तुम्ही तापाने फणफणलेल्या माणसाला विचारताय की तू घामाघूम का झालास," असे तो म्हणाला. त्यावर भाचीने वेगळाच मुद्दा मांडला. "मामा, तो आजारी असेल. पण दोन-दोन बायका त्याच्यासाठी जीव टाकतात, त्या कशासाठी, ते मला नाटकात कुठे दिसलंच नाही. तो चांगला होता असं सगळे सांगतात. होता. आपण बघतो तेव्हा तो नुसता कण्हत असतो."

नाना बराच वेळ गप्प होते. चळवळीतून थकून घरी बसलेला हा माणूस इव्हानोवची बाजू घेईल असे आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात गृहीत धरले होते, आणि पात्रवाटप करताना मीही थोडा तसाच विचार केला होता, हे कबूल करतो. नाना म्हणाले, "थकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. थकलेला माणूस बैठकीला उशिरा येतो, भिंतीला टेकून बसतो, निवेदनावर सही करतो आणि घरी जातो. तो स्वतःविषयी इतकं बोलत नाही. इतकं बोलायला अंगात ताकद लागते." मग जरा थांबून त्यांनी पुस्ती जोडली की तिसऱ्या अंकातली सेमियोनची गोष्ट तेवढी खरी आहे. ती गोष्ट इव्हानोव लेबेदेवला सांगतो: मळणीच्या दिवसांत सेमियोन नावाच्या गड्याने पोरींपुढे ताकद दाखवायची म्हणून धान्याची दोन पोती एकदम पाठीवर घेतली, त्याच्या अंगात काहीतरी तुटले आणि तो थोड्याच दिवसांत मेला, माझेही तसेच झाले आहे. नाना म्हणाले, "पोरींपुढे हा शब्द त्यातला महत्त्वाचा. बाकीचं भाषण सोडून दिलं तरी चालेल."

मला हे नाटकावरचे फार मोलाचे भाष्य वाटले. नानांनी आपल्याकडच्या 'सामना' या चित्रपटातल्या मास्तरचाही उल्लेख केला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि श्रीराम लागूंनी उभा केलेला तो मास्तरही दारूत बुडालेला, कधीकाळी स्वातंत्र्यलढ्यात असलेला माणूस. पण त्याच्यासमोर एका नाहीशा झालेल्या माणसाचा प्रश्न येतो आणि तो त्या प्रश्नाला असा चिकटतो की थकवा मागे पडतो. आपल्या प्रेक्षकाला असा थकलेला माणूस आवडतो, कारण पुन्हा उठून उभे राहण्यासाठीच तो थकलेला असतो. इव्हानोव उठत नाही. त्याच्यासमोर विचारण्याजोगा प्रश्न एकच आहे, तो शेजारच्या खोलीत खोकतो आहे, आणि त्याच्याकडे पाठ करून इव्हानोव गाडी जोडायला सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी चेकॉव्हची पत्रे काढून बसलो, आणि आमच्या घरात झालेले भांडण मॉस्कोत आधीच होऊन गेले होते असे लक्षात आले. नाटक लिहिले तेव्हा चेकॉव्ह सत्तावीस वर्षांचा होता. डॉक्टरी करत होता आणि कथालेखक म्हणून त्याचे नाव झाले होते. मॉस्कोत कोर्श नावाच्या गृहस्थाचे खासगी नाट्यगृह होते. त्याच्याशी बोलता बोलता विषय निघाला आणि चेकॉव्हने हे नाटक दहा-बारा दिवसांत लिहून काढले. जुन्या रशियन दिनदर्शिकेप्रमाणे १९ नोव्हेंबर १८८७ रोजी पहिला प्रयोग झाला. दुसऱ्या दिवशी त्याने थोरल्या भावाला, अलेक्सांद्रला, जे पत्र लिहिले ते नाटकाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने वाचावे. कोर्शने दहा तालमी कबूल केल्या होत्या, प्रत्यक्षात चार दिल्या, आणि त्यांतल्याही दोनच तालमी म्हणण्याच्या लायकीच्या होत्या. इव्हानोवचे काम करणारा दाव्हिदोव आणि ॲनाचे काम करणारी ग्लामा, या दोघांनाच वाक्ये येत होती. बाकीचे पडद्याआडून वाक्ये सांगणाऱ्या सूचकाच्या भरवशावर आणि, चेकॉव्हच्या शब्दांत, आतल्या खात्रीने बोलत होते. चौथ्या अंकात लग्नातली पाहुणेमंडळी दारू प्यायलेली आहेत, म्हणून नटांनी जत्रेतल्या सोंगाड्यांसारखा धुडगूस घातला, आणि शाबेल्स्कीच्या तोंडचा अतिशय हळवा संवाद त्याच्या नटाला पाठही नव्हता आणि त्याची तो म्हणण्याची अवस्थाही नव्हती.

तरीही तिसऱ्या अंकापर्यंत प्रयोग गाजत होता आणि लेखकाला रंगमंचावर बोलावणे येत होते. शेवटी मात्र टाळ्या आणि हुर्यो एकाच वेळी सुरू झाल्या. वरच्या मजल्यावर गोंधळ माजला, पोलिसांनी दोघांना बाहेर काढले, चेकॉव्हची बहीण बेशुद्ध पडायची बाकी राहिली, एक स्नेही छातीत धडधड सुरू होऊन पळून गेला, आणि दुसऱ्याने काही कारण नसताना डोके धरून आता मी काय करू असा टाहो फोडला. एका प्रयोगावर इतकी वादावादी झालेली नाट्यगृहातल्या जुन्या मुरलेल्या लोकांनीही पाहिली नव्हती, असे चेकॉव्ह चार दिवसांनी लिहितो, आणि त्या लिहिण्यात भीतीपेक्षा मिस्कील आनंद जास्त आहे. एका मॉस्को दैनिकाच्या टीकाकाराने नाटकाला निर्लज्ज आणि अनैतिक भंकस ठरवले. दुसऱ्या वृत्तपत्राने कौतुक केले.

आता ही दुफळी वाईट प्रयोगामुळे झाली असे म्हणण्याची सोय आहे, आणि चेकॉव्हने सुरुवातीला काही अंशी तसे म्हटलेही. पण वर्षभराने पीटर्सबर्गच्या सरकारी अलेक्सांद्रिन्स्की नाट्यगृहात नाटक घ्यायचे ठरले, तिथल्या जाणत्या मंडळींनी ते शांतपणे वाचले, आणि त्यांनाही ते तितक्याच वेगवेगळ्या तऱ्हांनी समजले. ३० डिसेंबर १८८८ रोजी आपला प्रकाशक आणि स्नेही सुव्होरिन याला लिहिलेल्या लांबलचक पत्रात चेकॉव्हने तीन वाचकांची तीन मते नोंदवली आहेत. दिग्दर्शकाला इव्हानोव हा तुर्गेनेव्हच्या कादंबऱ्यांत भेटणारा, समाजाला नकोसा झालेला 'निरुपयोगी माणूस' वाटतो. साशाचे काम करणार असलेली मोठी नटी साव्हिना विचारते की इव्हानोव नीच का आहे. आणि खुद्द सुव्होरिनचे म्हणणे असे की दोन बायका त्याच्या गळ्यात का पडतात आणि तो नीच व डॉक्टर थोर कसा, हे प्रेक्षकाला दिसेल असे काहीतरी नाटकात घालायला हवे. तुम्ही तिघांनी जर असे समजून घेतले असेल, तर माझे नाटक कुचकामी आहे, असे चेकॉव्ह म्हणतो.

सुव्होरिनचा प्रश्न आणि माझ्या भाचीचा प्रश्न निम्म्याहून अधिक एकच आहे, हे पाहून मला हसू आले. तिने हे पत्र वाचलेले नाही.

त्या पत्रात पुढे चेकॉव्हने जे स्पष्टीकरण दिले आहे ते नाटकापेक्षा जास्त बांधेसूद आहे, असे मी जरा भीत भीत म्हणतो. इव्हानोव हा असामान्य माणूस नाही, असे तो सांगतो. तो चटकन पेटणारा, प्रामाणिक, शिकलेला माणूस आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक शिकलेल्या माणसांप्रमाणे त्याचा भूतकाळ सुंदर आहे. शाळेच्या बाकावरून उठतो न उठतो तोच तो झेपणार नाही एवढे ओझे उचलतो: शाळा, शेतकरी, सुधारलेली शेती, भाषणे, मंत्र्यांना पत्रे. प्रेमसुद्धा साधेपणाने करणे त्याला जमत नाही. त्यातही कोणाचा तरी उद्धार असावा लागतो. आणि तिशी-पस्तिशीला थकवा येतो. थकव्याबरोबर कंटाळा येतो, अपराधाची भावना येते, आणि चौथा शत्रू म्हणून एकटेपणा येतो. हे पटवण्यासाठी चेकॉव्हने पत्रात चक्क आलेख काढला आहे: उत्साहाची रेषा चढते, उतरते, आणि प्रत्येक उतारानंतर आधीपेक्षा खाली जाते. लेखकाने आपल्या नायकाचा तापाचा तक्ता काढावा, हे डॉक्टरलाच सुचू शकते.

या थकव्याला एक काळही आहे, आणि तो नाटकात फारसा बोलून दाखवलेला नाही. रशियात भूदासांची मुक्तता १८६१ मध्ये झाली, १८६४ मध्ये जिल्हा पातळीवरची निवडून आलेली मंडळे सुरू झाली, आणि १८७४ च्या उन्हाळ्यात शेकडो विद्यार्थी शहरे सोडून शेतकऱ्यांमध्ये जाऊन राहिले. त्यांतल्या बऱ्याच जणांना त्याच शेतकऱ्यांनी संशयाने पाहिले आणि पोलिसांनी पकडले. १८८१ मध्ये क्रांतिकारकांनी झार दुसऱ्या अलेक्सांद्रची हत्या केली आणि त्यानंतरच्या राजवटीने सगळे दरवाजे एकेक करून लावून घेतले. १८८७ मध्ये पस्तीस वर्षांचा असलेला माणूस १८७४ मध्ये बावीस वर्षांचा असणार, एवढा हिशेब केला की मॉस्कोच्या प्रेक्षागृहात लोक एकमेकांच्या अंगावर का धावले याचा थोडा अंदाज येतो. त्या खुर्च्यांवर बसलेल्या कित्येकांना समोरचा माणूस आपला अपमान करतो आहे की आपली वकिली करतो आहे, हे ठरवता आले नसेल. नाना ज्या दिवशी कुंड्यांना पाणी घालण्याविषयी बोलतात त्या दिवशी मलाही ते ठरवता येत नाही.

आता डॉक्टर ल्व्होवविषयी, कारण तो मी वाचला आहे आणि माझे त्याच्याशी थोडे देणे-घेणे आहे. ल्व्होव सच्चा आहे. तो ॲनाची मनापासून काळजी घेतो, इव्हानोवला तोंडावर सुनावतो, आणि जे बोलतो त्यातले बहुतेक सगळे वस्तुस्थितीला धरून असते. तरीही चेकॉव्हला तो सहन होत नाही. अशा सरळ रेषेतल्या, अरुंद प्रामाणिकपणाची माणसे लागतातही आणि बहुतेक वेळा चांगलीही असतात, असे पत्रात कबूल करून तो त्याला ठरीव साच्याचा चालता-बोलता नमुना म्हणतो. मला मात्र वाचताना वेगळेच जाणवले. ल्व्होवची वाक्ये वाचताना आवाज आपोआप चढतो. पाठीचा कणा ताठ होतो. चौथ्या अंकात सगळ्यांसमोर इव्हानोवला नीच म्हणायची वेळ आली तेव्हा मी पुस्तकातून मान वर करून, थेट नानांकडे बघून ते वाक्य म्हटले, आणि मला ते म्हणताना फार बरे वाटले. नाटकाचा सापळा इथे आहे. नाटक बघताना ज्याला इव्हानोवची चीड येते, त्याच्या मनातले प्रत्येक वाक्य चेकॉव्हने आधीच ल्व्होवच्या तोंडी घालून ठेवलेले आहे. आपण तोंड उघडले की ल्व्होव होतो. आणि याहून कडू गोष्ट ॲना पहिल्या अंकात सूचित करते आणि चेकॉव्ह पत्रात तिच्याकडे बोट दाखवतो: तरुणपणीचा इव्हानोव असाच तावातावाने बोलायचा, आणि त्या बोलण्यावरच ती भाळली होती.

आता शेवटाविषयी. आज आपण जे नाटक वाचतो ते १८८९ चे आहे. १८८७ मध्ये मॉस्कोने पाहिले ते वेगळे होते. त्यात लग्न लागून गेलेले आहे, मेजवानी चालू आहे, ल्व्होव येऊन भर मांडवात इव्हानोवला नीच म्हणतो, आणि तो अपमान असह्य होऊन इव्हानोव जागच्या जागी, कोणाच्या फारसे लक्षातही न येता, मरून जातो. चेकॉव्हने त्या वेळी नाटकाला कॉमेडी म्हटले होते. प्रेक्षकांना हे मरण कळलेच नाही, अशी तक्रार त्याने पहिल्या प्रयोगानंतर स्वतःच केली आहे. मग त्याने चौथा अंक नव्याने लिहिला. आता लग्न लागायचे आहे. इव्हानोव स्वतःच ते मोडायला येतो, साशा हट्ट सोडत नाही, ल्व्होव आपले वाक्य म्हणतो, आणि इव्हानोव बाजूला धावत जाऊन स्वतःवर गोळी झाडतो. कॉमेडीचे ड्रामा झाले. ३१ जानेवारी १८८९ रोजी पीटर्सबर्गमध्ये हा नवा खर्डा रंगमंचावर आला, दाव्हिदोवच पुन्हा इव्हानोव झाला, साव्हिनाने साशा केली, आणि प्रयोगाला असे यश मिळाले की हुर्योचे नाव नव्हते.

या यशाविषयी माझे मत जरा वाकडे आहे. नाटक सुधारले यात वाद नाही. इव्हानोवला आपल्याविषयी स्पष्ट बोलायला जागा मिळाली आणि साशाचे पात्र भरीव झाले. तिचे प्रेम हे माणसावरचे प्रेम कमी आणि हाती घेतलेले कार्य जास्त, हे आता दिसते. ती स्वतःच थकू लागली आहे आणि दिलेल्या शब्दापायी पुढे रेटते आहे, म्हणजे सेमियोनची पोती आता तिच्या पाठीवर आली आहेत. पण पिस्तुलाच्या आवाजाने प्रेक्षागृहातले भांडण मिटवले, आणि ते भांडण मिटायला नको होते असे मला वाटते. गोळी झाडणारा माणूस स्वतःवर निकाल देतो. तो निकाल दिला की त्याला दोषी मानणाऱ्यांचे समाधान होते, कारण शिक्षा झाली, आणि त्याला निर्दोष मानणाऱ्यांचेही होते, कारण इतकी टोकाची शिक्षा घेणारा माणूस मुळात उमदाच असणार. दोन्ही पक्ष एकाच वेळी टाळ्या वाजवू शकतात. पहिल्या खर्ड्यात ही सोय नव्हती. तिथे माणूस ना शिक्षा भोगत ना सुटत. मेजवानीच्या गोंगाटात विझतो, आणि बघणाऱ्याला त्याचे काय करायचे ते कळत नाही. मॉस्कोच्या प्रेक्षकांना मरण कळले नाही हे खरे, पण त्या न कळण्यातूनच ते एकमेकांशी भांडले.

पुढे मोठमोठ्या नटांनी हा इव्हानोव केला. चेकॉव्हच्या मृत्यूनंतर १९०४ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने नाटक घेतले तेव्हा काचालोव होता आणि ॲनाच्या कामात चेकॉव्हची विधवा ओल्गा क्निपर. त्याच नाट्यगृहात सत्तरच्या दशकात ओलेग येफ्रेमोवने स्मोक्तुनोव्हस्कीला घेऊन नवा प्रयोग बसवला. लंडनमध्ये गिलगुड, राल्फ फाइन्स, केनेथ ब्रॅना असे एकाहून एक नट या भूमिकेत उभे राहिले. मोठा नट घेतला की एक गोष्ट मात्र हटकून घडते. त्याच्या चेहऱ्यामुळे प्रेक्षकाचे मन पडदा उघडायच्या आतच निम्मे विरघळलेले असते. दोन बायका याच्या गळ्यात का पडतात, हा भाचीचा आणि सुव्होरिनचा प्रश्न नटाला पाहूनच सुटतो, आणि तो असा सुटणे नाटकाच्या फायद्याचे आहे की तोट्याचे, हे मी अजून ठरवलेले नाही.

हे सगळे मी पुढच्या रविवारी ताईकडे गेलो तेव्हा तिला ऐकवले. दोन खर्डे, दोन शेवट, गोळीने केलेली तडजोड, सगळे. मला वाटले होते की परिचारिका म्हणून ती ल्व्होवच्या बाजूची असणार. ती डाळिंब सोलत होती. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणजे त्या इव्हानोवनं कसं मरावं, यावर तुझ्या चेकॉव्हनं दोन वर्षं घालवली."

मी हो म्हटले.

"आणि ती बाई?"

मी पुस्तक उघडले. तिसऱ्या अंकाच्या शेवटी नवऱ्याच्या तोंडून ती आपला मृत्यू ऐकते आणि पडदा पडतो. चौथा अंक उघडतो तेव्हा ती जाऊन बरेच महिने झालेले आहेत. ती केव्हा गेली, शेवटी तिच्याजवळ कोण होते, क्रिमियाचा विषय पुन्हा कोणी काढला की नाही, यातले काहीच रंगमंचावर येत नाही. इव्हानोवच्या मरणाचे दोन खर्डे झाले. ॲनाचे मरण दोन्ही खर्ड्यांत मध्यंतरातच उरकलेले आहे. सुव्होरिनला लिहिलेल्या त्या लांबलचक पत्रातही ती का प्रेम करते आणि कुठे थांबते, एवढेच तिच्या वाट्याला आले आहे, आणि तेही प्रश्न इव्हानोवविषयी होता म्हणून. इतकी वर्षे हे नाटक वाचून, त्याचे मराठी करून, मला ते दिसले नव्हते. वाचनाच्या रात्री तिसरा अंक संपल्यावर ताई उठून आत गेली होती, पोहे तिनेच केले होते, आणि आम्ही बाहेर इव्हानोव नीच आहे की आजारी यावर घसा कोरडा करत होतो तेव्हा ती फोडणी देत होती. चौथ्या अंकात तिला वाचायला एकही वाक्य नव्हते.

ताई म्हणाली, "क्षयाचे पेशंट मी पाहिलेत. शेवटचे तीन महिने घरातल्यांना ते किती दमवतात तेही पाहिलंय. तो दमला म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तिथं बसून दमायचं असतं. शेजाऱ्यांकडे जाऊन नाही."

पुढच्या महिन्यात १८८७ च्या खर्ड्यातला चौथा अंक वाचायचे ठरले आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर माझ्याजवळ आहे, मराठी करायला घेतले आहे. नाना म्हणतात की या वेळी मला इव्हानोव नको, लेबेदेव द्या. तो निदान कर्जात बुडालेल्या मित्राला बायकोपासून लपवून अकराशे रूबल देऊ करतो. ल्व्होव भाचीने मागून घेतला आहे. ताईला कोणते पात्र द्यावे हे मला सुचेना, म्हणून तिला फोन केला. या खर्ड्यात तरी ॲनाला चौथ्या अंकात काही आहे का, असे तिने विचारले. नाही, असे मी सांगितले.

"मग मी पोहे लवकर करायला घेईन," असे म्हणून तिने फोन ठेवला.